रंगाखालचा बाण

जोसेफीन कोरिया हिने स्वतःच्या लग्नातसुद्धा वाचल्याशिवाय सही केली नव्हती. मनोरीच्या चर्चमध्ये मिस्सा आटोपली होती, बँडवाले बाहेर घाम पुसत उभे होते, मांडवात वडे गार होत चालले होते आणि ही नवरी रजिस्टर पुढ्यात ओढून एकेक ओळ वाचत बसली होती. फादर आधी हसले, मग खाकरले, मग त्यांनी पुन्हा पेन पुढे केलं.

"फादर, जन्मतारीख चुकलीय."

"अगं बाय, दोन दिवसांचा तर फरक."

"पण दोन दिवस आधी मी जन्माला आलेच नव्हते."

तारीख खोडली गेली, नीट लिहिली गेली, खोडलेल्या जागेशेजारी फादरांनी आपली आद्याक्षरं टाकली, तेव्हा कुठे तिने सही केली. क्लिफर्ड ही गोष्ट अजून सांगतो. तो एसी दुरुस्त करतो, त्यामुळे रोज नव्या घरात नवा श्रोता त्याला आयताच मिळतो. शेवटी त्याचं एकच वाक्य ठरलेलं असतं: "मला तिथंच कळलं, माझी काय वाट लागणार आहे ते."

पुढे नाहूरला बिऱ्हाड झालं आणि सोसायटीने कौतुकाने तिला कमिटीवर घेतलं. ते कौतुक पाण्याची टाकी धुवायची वेळ येईपर्यंत टिकलं. टाकी धुतल्याच्या कागदावर तिची सही हवी होती. ती म्हणाली, झाकण उघडा. गच्चीवर चढून तिने टाकीत हात घातला, तळ चाचपला आणि हिरवट चिकट बोटं सेक्रेटरीच्या नाकासमोर धरली. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये तिला आयएसआय मार्क म्हणतात. जिन्यात ती दिसली की पोरं कुजबुजतात, "आली बघ आयएसआय." तिला ते ऐकू येतं. ती दबकत नाही आणि हसतही नाही. एखाद्या माणसाला हट्ट चिकटतो तसा तो तिला चिकटला नव्हता. तो तिच्या हाडांच्या आत होता, आणि तिने तो कधी लपवला नाही.

तिचं काम कच्च्या तेलाचं. मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीत, एका पापडाच्या कारखान्याच्या वर, देवव्रतची प्रयोगशाळा आहे. देवव्रत आणि ती एकाच दिवशी एका मोठ्या लॅबमध्ये नोकरीला लागली होती. पुढे त्याने स्वतःचं काढलं आणि पहिली तिला बोलावलं. समुद्रातल्या विहिरींमधून येणारं तेल घाटकोपरच्या पलीकडे, खाडीच्या काठावरच्या एका टर्मिनलमध्ये एका कंपनीच्या हातून दुसरीच्या हातात जातं. देणारे सांगणार, आमचं तेल कोरडं आहे. घेणारे म्हणणार, यात पाणी आहे. म्हणून मध्ये तिसरा माणूस लागतो, जो ना याचा ना त्याचा. दोन्ही बाजूंनी लिहून कबूल केलेला तो तिसरा माणूस म्हणजे जोसेफीन. तेल किती गेलं ते मीटर सांगतं. पण त्यातलं तेल किती आणि पाणी किती, हे फक्त नमुना सांगतो, आणि त्या आकड्याखाली तिची सही असते.

पाइपातलं तेल कोणाला दिसत नाही. कित्येक मैल लांबीचा काळोख पोलादाच्या आत सरकत असतो. त्यातला चिमूटभर काळोख बाहेर काढायचा आणि त्याला विचारायचं, तू सगळ्यांच्या वतीने बोलतोस का? जोसेफीनचा सगळा धंदा या एका प्रश्नाचा. कारण पाणी जड असतं. तेल संथ चाललं की पाणी खाली बसतं आणि पाइपाच्या तळाशी लपत सरपटत जातं. म्हणून नमुना घेण्याच्या जागेआधी सगळं नीट मिसळून घ्यायचं. मग पाइपाच्या पोटात, बरोबर मध्यावर, एक बारीक पोलादी नळी खुपसलेली असते. तिला प्रोब म्हणतात. तिचं टोक तिरकं कापलेलं असतं आणि ते तोंड येणाऱ्या तेलाकडे असावं लागतं. ठरावीक तेल पुढे गेलं की यंत्र त्या नळीतून एक घोट घेतं आणि बंद कॅनमध्ये टाकतं. असे घोट साठत जातात. सगळा माल गेला की कॅन लॅबमध्ये येतो, आणि तिथेही तो नीट घुसळल्याशिवाय उघडायचा नसतो.

त्या हिवाळ्यात तिला कॅनमधल्या आकड्यांचा संशय आला. संशय यावा असं त्यांच्यात काहीच नव्हतं, हेच खटकण्यासारखं होतं. एरवी पाण्याचा आकडा आजारी माणसाच्या तापासारखा चढायचा-उतरायचा, कारण विहिरींना मूड असतो. आता मात्र तो दर वेळी कमी, आणि दर वेळी जवळजवळ तेवढाच. खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी तीच हकीकत त्याच शब्दांत सांगतो, तसा. तिने चाचणी पुन्हा केली. दुसऱ्या यंत्रावर केली. आकडा ढिम्म. त्यातच घेणाऱ्यांची तक्रार आली की त्यांच्या टाकीच्या तळातून भलतंच पाणी निघतंय.

"त्यांच्या टाकीचं छप्पर गळत असेल," देवव्रत म्हणाला.

"जानेवारीत? कुठला पाऊस रे?"

"जोसेफीन, त्यांची टाकी, त्यांचं छप्पर. आपल्याला काय करायचंय?"

ती दुसऱ्या दिवशी टर्मिनलवर गेली. आत शिरतानाच, मागच्या फेरीसारखेच, तिचे डोळे दिपले; त्या फेरीत ती कॅनचं कुलूप तेवढं बघून परतली होती. सगळे पाइप नवे कोरे, चंदेरी राखाडी. चंद्रप्रकाश पुढे आला. तो तिथला ऑपरेटर, ठेकेदाराकडून लागलेला, कामाला वाघ आणि तोंडाचा फटकळ.

"काय मॅडम, कसं झकास दिसतंय ना? दिल्लीहून मोठे साहेब येऊन गेले. फोटो काढले. व्हॉल्व्हपाशी उभं राहून माझासुद्धा काढला."

"रंग नक्की कधी मारलात?"

"दिवाळी झाल्या झाल्या."

जोसेफीन प्रोबपाशी गेली. पाइपाच्या वर त्याचं मूठभर डोकं दिसत होतं, तेही राखाडी. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

"इथला बाण कुठे गेला?"

"कुठला बाण?"

"लाल रंगाचा. प्रोबचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते दाखवणारा."

"रंगाखाली गेला असेल." त्याने खांदे उडवले. "पेंटरला काय कळतंय? त्याला सांगितलं सगळं मार, त्याने सगळं मारलं."

तिने पर्समधून किल्ली काढली आणि रंग खरवडला. राखाडी भुकटी पडली, तिच्यात थोडी गुलाबी. बाण कोरलेला नव्हता, नुसता काढलेला होता; वरच्या रंगाबरोबर तोही निघून आला.

"रंगानंतर प्रोब बाहेर काढला होता?"

"काढला ना. सफाईला. मीच काढला, मीच बसवला. असा फिट बसलाय, एक थेंब गळत नाही. हात लावून बघा."

"तोंड कुठे करून बसवलास?"

"होतं तिकडेच." मग तो पाइपाकडे बघत राहिला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दोन्हीकडे एकसारखं चंदेरी. "मॅडम, होतं तिकडेच बसवला असणार ना यार."

टर्मिनल देणाऱ्यांचं. तिथले मॅनेजर विद्याधर यांच्या केबिनमध्ये चहा आला. विद्याधर सभ्य गृहस्थ होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आणि जे काही ठरायचं ते त्याच आवाजात ठरून जायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मिसेस कोरिया, एवढंच ना? पुढच्या शटडाऊनला प्रोब काढतो, तुमच्या म्हणण्याप्रमाणे बसवतो. विषय संपला."

"संपत नाही. आत्ता तो कसा बसलाय ते बघायचंय. पाणी सोडून परीक्षा घ्यायची."

म्हणजे असं की, प्रोबच्या अलीकडे, चालत्या तेलात मोजून पाणी सोडायचं आणि पुढे नमुन्यात ते किती सापडतं ते बघायचं. सोडलं तेवढं सापडलं तर यंत्र खरं बोलतंय. नाही सापडलं, तर खोटं.

"चालत्या लाइनमध्ये पाणी सोडायचं?" विद्याधर हसले. "आमचंच तेल आम्हीच बिघडवायचं? वर काय सांगू मी?"

"परीक्षा आहे म्हणून सांगा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर उद्यापासून माझी सही नाही."

ती उठली. खाली जाताना तिने बॅगेतून तार आणि शिशाचं सील काढलं. तपासणी करणाऱ्यांजवळ ते कायम असतं. टाक्यांच्या झाकणांना, व्हॉल्व्हना ते लावतात, नंतर कोणी हात लावला तर कळावं म्हणून. तिने प्रोबच्या डोक्यातून तार ओवली, पाइपाच्या पट्टीला गुंडाळली आणि पकडीने शिसं दाबलं. कट्ट आवाज झाला. केबिनच्या खिडकीतून विद्याधर बघत होते.

"आता याला कोणी शिवायचं नाही," ती चंद्रप्रकाशला म्हणाली.

"माझीच चूक निघणार म्हणा की."

"काय निघेल ते निघेल."

"तुमचं बरं आहे मॅडम. तुम्ही सील मारून घरी जाणार."

मुलुंडला पोचायच्या आधी तिचा फोन तीनदा वाजला. देवव्रत दारातच उभा होता.

"तू त्यांच्या पाइपाला सील मारलंस? कोणाला विचारून?"

"सील मारायला विचारायचं असतं?"

"अगं, निम्मी लॅब त्या टर्मिनलवर चालते! विद्याधर म्हणतोय, तो गुपचूप काढून नीट बसवायला तयार आहे. मग तुझं पोट का दुखतंय?"

"गुपचूप नीट बसवला तर दिवाळीपासून काय चाललं होतं ते कधीच कळणार नाही."

"दिवाळीपासून सर्टिफिकेटांवर सह्या कोणी केल्यात, आठवतंय का?" त्याने आवाज खाली आणला. "तू केल्यास. परीक्षेत फेल निघालं तर पहिली तू नागडी होशील. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"फेल निघालं तर त्या सह्या मी परत घेणार."

"सह्या परत घेता येत नाहीत, जोसेफीन."

"रद्द करता येतात. लिहून."

खालच्या कारखान्यातून पापडखाराचा वास येत होता. "मी करतो सही," तो म्हणाला. "पुढच्या मालावर मी करतो."

"कर ना. तुझा हात, तुझं पेन."

त्याने केलीही. पण करारात नाव जोसेफीनचं होतं. घेणाऱ्यांनी विचारलं, बाई कुठे आहेत? बाईंनी सही का केली नाही? कारण कळल्यावर ते परीक्षेसाठी असे अडून बसले की विद्याधरांचा सभ्य आवाजही कमी पडला.

घरी क्लिफर्ड मासळीचा काटा काढता काढता म्हणाला, "जोसे, तुझी नोकरी गेली तर?"

"तर तू पापलेट बंद कर, बांगडा खा."

"मस्करी नको. देवव्रतने तुला उभं केलंय."

"त्याने मला खुर्ची दिली. उभी मी आधीपासून होते."

क्लिफर्डला ठाऊक होतं की ही बाई वाकली तर तिचा कणा आवाज करील, आणि तो आवाज आयुष्यभर घरात ऐकू येत राहील. त्याने तिच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.

परीक्षेच्या दिवशी खाडीवर धुकट ऊन होतं. देणारे, घेणारे, देवव्रत, विद्याधर, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. दुरून बघणाऱ्याला कोण कोणाच्या बाजूचा ते कळलं नसतं. आधी नुसत्या तेलाचा नमुना घेतला. मग चंद्रप्रकाशने पंप सुरू केला आणि खुणा केलेल्या टाकीतलं पाणी लाइनमध्ये शिरू लागलं. टाकीतली पातळी सावकाश उतरत होती. जोसेफीन तिच्यावरून नजर हटवत नव्हती. सगळं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाइपात गेलं. आता पुढचं पाइपाच्या हातात.

कॅन मुलुंडला आणला. सगळे लॅबमध्ये दाटीवाटीने उभे राहिले. आकडा आला. सोडलेल्या पाण्यातलं जेमतेम निम्मं सापडलं होतं.

"एकदा होऊ शकतं," विद्याधर म्हणाले.

"पुन्हा करू या," जोसेफीन म्हणाली.

पुन्हा केलं. पुन्हा निम्मंच. मग लाइन बंद झाली, सगळ्यांसमोर सील कापलं गेलं आणि चंद्रप्रकाशने प्रोब वर ओढला. हँडल जराही फिरू न देता, सरळ, जणू विहिरीतून मेलेलं जनावर काढतोय तसा. काळं तेल निथळलं. तिरकं तोंड दिसलं. ते जाणाऱ्या तेलाकडे होतं. दिवाळीपासून तो प्रोब येणाऱ्याकडे पाठ करून उभा होता. तेल हलकं, ते वळसा घालून त्याच्या तोंडात शिरायचं. पाण्याचे जड थेंब वळायचे नाहीत, सरळ निघून जायचे.

चंद्रप्रकाशने प्रोब फडक्यावर ठेवला आणि हात पुसत लांब जाऊन उभा राहिला. त्याने हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. उन्हात त्याचा चेहरा एकदम वयस्क दिसत होता.

विद्याधरांच्या केबिनमध्ये देवव्रतने अहवाल आधीच टाइप करून आणला होता. तो चटपटीत माणूस. हरलेल्या डावातही शेवटचं पान स्वतः टाकायची त्याची सवय. जोसेफीन वाचू लागली. 'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे प्रोब उलटा बसवला गेला. संबंधित ठेकेदारास ऑपरेटर बदलण्याची सूचना देण्यात आली आहे.' खाली तिचं नाव आणि रिकामी जागा.

"यात रंग कुठे आहे?" तिने विचारलं.

"रंगाचा काय संबंध?" विद्याधर म्हणाले.

"बाण रंगाखाली गेला. रंग मारायला कोणी सांगितलं?"

"मिसेस कोरिया, मोठी माणसं येणार होती. घरी पाहुणे आले तर आपण भिंती रंगवत नाही का?"

"भिंतीला तोंड नसतं."

"हे बघा," विद्याधरांचा आवाज अजूनही मऊ होता, "एक माणूस जाईल, दुसरा येईल. ठेक्यावरचाच आहे. त्याला चार दिवसांत दुसरीकडे काम मिळेल. तुम्हाला परीक्षा हवी होती, झाली. तुम्ही जिंकलात. आता सही करा आणि घरी जा."

"मी जिंकायला आले नव्हते."

तिने कोरा कागद ओढला. देवव्रत तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. त्याचा श्वास तिच्या कानाला लागत होता. ती लिहीत गेली, सावकाश, ठळक. दिशा दाखवणारी खूण व्यवस्थापनाच्या आदेशाने झालेल्या रंगकामात झाकली गेली. त्यानंतर चंद्रप्रकाश यांनी प्रोब सफाईसाठी काढून बसवला, तेव्हा दिशा ठरवायला कोणतीही खूण उरली नव्हती. रंगकामानंतर तपासणीसाठी मी स्वतः या जागी येऊन गेले, तेव्हा खूण पाहिली नाही. ते माझं काम होतं. रंगकामापासून माझ्या सहीने दिलेली पाण्याची सर्व प्रमाणपत्रं मी रद्द करीत आहे.

"तुला वेड लागलंय," देवव्रत दातांतल्या दातांत म्हणाला. "स्वतःचं नाव कशाला घालतेस? कोणी मागितलंय?"

"मी तिथे होते."

"जोसेफीन, ऐक. यावर सही केलीस तर अधिकृत सहीतून तुझं नाव मी आजच काढतो. दोन्ही कंपन्यांना कळवतो. मग लॅबमध्ये बाटल्या धुशील."

"आधी ही होऊ दे. मग काढ."

तिने सही केली. दारात थांबलेल्या घेणाऱ्यांच्या माणसाने लगेच आपली प्रत मागून घेतली. आता तो कागद विद्याधरांच्या ड्रॉवरमध्ये मरणार नव्हता.

बाहेर चंद्रप्रकाश तिच्या वाटेत आला. "काय लिहिलंत?"

तिने सांगितलं.

"म्हणजे माझं नाव आहेच की त्यात!"

"आहे. प्रोब तू बसवलास."

"मग वाचवलंत काय? मला वाटलं..." त्याने हेल्मेट डोक्यावर आपटलं. "नाव नसतं लिहिलं तर चाललं नसतं?"

"नाही. तूच बसवलास. निष्काळजी नव्हतास, एवढंच लिहिलंय. त्यावरून ते तुला काढू शकणार नाहीत. काढलंच तर मला सांग, मी पुन्हा लिहीन."

"देव तुमचं भलं करो मॅडम," तो चिडूनच म्हणाला, "पण तुमच्यासारखी माणसं जवळ नसलेलीच बरी." आणि तो व्हॉल्व्हकडे चालू लागला, कारण लाइन सुरू करायची होती आणि ते काम दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं.

देवव्रतने शब्द पाळला. सोमवारी लॅबच्या दाराशेजारच्या फलकावर 'अधिकृत स्वाक्षरी'च्या पुढे त्याचं स्वतःचं नाव होतं. जोसेफीनने ते वाचलं, चपला काढल्या, पांढरा कोट चढवला. बाकीचे मान खाली घालून कामात गढल्याचं नाटक करत होते. देवव्रत केबिनमधून बाहेर आला.

"तू राजीनामा देशील असं वाटलं होतं."

"वाटू दे."

"मग इथे काय करणार?"

"नमुने तपासणार. सही तू करशील. जो आकडा येईल तो मी तुझ्यासमोर ठेवीन, आणि तो वाचूनच तुला सही करावी लागेल. मी शेजारी उभी असेन."

"जोसेफीन, मला अवघड करू नकोस. स्वतःहून जा. तुझा मान राहील."

"माझा मान मी बघते. तुला मला काढायचं असेल तर काढ. पण कारण लिहून दे, आणि खाली सही कर. आख्खं लिही. सर्टिफिकेटं रद्द केली म्हणून काढलं, असं लिही."

गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत देवव्रतने या बाईशी पुष्कळ वाद घातले होते आणि त्यातले निम्मे जिंकले होते. पण असा कागद तिने कधी मागितला नव्हता. तो वळला, केबिनमध्ये गेला आणि काचेचं दार ओढून घेतलं. बाहेरून दिसत होतं, तो संगणकासमोर बसला, दोन ओळी टाइप केल्या, वाचल्या, पुसल्या. पुन्हा टाइप केल्या. पुन्हा पुसल्या.

जोसेफीनने हातमोजे चढवले. त्या दिवशी तिला कोणतंही पत्र मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही ती वेळेवर आली, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही.